एकही नापास नाही

६ जानेवारी

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार, मामीलाही. फोन सोडून पत्र का लिहिते म्हणशील, तर फोनवर तू "मी ठणठणीत आहे, हे घे, मामीशी बोल" एवढंच म्हणतोस आणि पुढे मामी माझ्या जेवणाची उलटतपासणी घेते. पत्रात तुला फोन दुसऱ्याच्या हातात देता येणार नाही.

बातमी मोठी आहे. मी हॉस्पिटलात नेमकं काय करते हे तुला अजून चारचौघांत सांगता येत नाही. मागे कुणाला तरी तू सांगितलंस, "ती डॉक्टर नाही, पण डॉक्टरांच्या शेजारी बसते." तर आता नीट ऐक, म्हणजे पुढच्या वेळी नीट सांगशील.

हृदयाचा झटका येऊन गेलेल्या माणसाचं आम्ही सगळं मोजतो. रक्तदाब, साखर, ठोके, वजन. पण तो घरी गेल्यावर जिना चढायला कचरतो का, घरचं माणूस बाहेर गेलं की दाराकडे डोळे लावून बसतो का, हे कुणी मोजत नाही. आणि ज्याच्या मनात अशी धास्ती बसते तोच पुढे गोळ्या चुकवतो, व्यायाम सोडतो आणि पुन्हा आमच्याकडे येतो. ती धास्ती मोजायची एक प्रश्नावली आहे. प्रश्न थोडे, आणि प्रत्येकाला उत्तरं चार: कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, जवळजवळ रोज. जितक्या खुणा उजवीकडे तितकी बेरीज जास्त. बेरीज ठरावीक रेषेच्या वर गेली की त्या माणसाशी कुणीतरी बसून बोलायला हवं, एवढं कळतं.

हे प्रश्न परक्या भाषेतले. आपल्या भाषेत कुणीतरी आधी आणले होते: "आपणांस विषण्णता जाणवते काय?" एका आजोबांनी मला विचारलं, "ही सकाळी घ्यायची की जेवणानंतर?" मग मी ते कागद बाजूला ठेवले आणि वॉर्डात खुर्ची टाकून बसले. माणसं स्वतःहून काय बोलतात ते ऐकत राहिले. कशात मन लागत नाही. जीव थाऱ्यावर नसतो. छातीत जरा खुट्ट झालं की पोटात गोळा येतो. त्यांचेच शब्द घेऊन मी प्रश्न पुन्हा लिहिले. वर्ष गेलं त्यात. आमच्या मॅडमनी शेवटचा मसुदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे माणसाने विचारल्यासारखं वाटतंय." मामा, मी त्या दिवशी बसने न जाता घरापर्यंत चालत गेले, इतकी खूश होते.

आता ही प्रश्नावली काही हॉस्पिटलांत वापरून बघायची आहे, आणि त्या यादीत आपल्या गावाचं हॉस्पिटल आहे. बघून ऊर भरून आला. निकाल मी मोठ्या सभेत मांडणार. कुठल्या हॉस्पिटलात समुपदेशक नेमायचा, म्हणजे रुग्णांशी बसून बोलायचं काम शिकलेला माणूस, ते त्यावरून ठरणार आहे. झटका येऊन गेलेल्यांच्या तुमच्या मंगळवारच्या व्यायामाच्या गटातही कागद येतील. त्यांवर नाव नसतं, त्यामुळे तुझा कोणता ते मला कळणार नाही.

गाडी चालवायला लागलास ना? डॉक्टरांनी कधीच परवानगी दिली आहे. गावाला गाडी शिकवणारा मास्तर घरात बसून आहे, हे चित्र मला काही बघवत नाही.

तुझी
भाची

१९ जानेवारी

चि. भाचीबाईस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मामीला वाचून दाखवलं, मग शेजारी वाचून दाखवलं, मग मंगळवारी व्यायामाच्या खोलीत वाचून दाखवलं. आजोबांच्या गोळीवर सिस्टरसुद्धा हसली. तू काय करतेस ते आता गावात मला एकट्यालाच नीट सांगता येतं, आणि मी ते न विचारताही सांगतो.

आमचा गट म्हणजे बघण्यासारखा प्रकार आहे. हॉस्पिटलच्या तळघरातली खोली, तीन सायकली ज्या कुठेच जात नाहीत, आणि त्यांवर आम्ही झटका आलेले वीर. बेकरीवाला आहे, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत, शिंपी आहे, आणखी दोघंचौघं. सिस्टर मनगटाला पट्टा बांधते आणि ठोके बघत बसते. माझे ठोके बघून तिने मान डोलावली. म्हणाली, "मास्तर, तुम्ही इथे शिकवायला येता की शिकायला?" मी म्हटलं, सवयीने दोन्ही.

तुझे कागद आले. सिस्टरने टेबलावर गठ्ठा ठेवला आणि म्हणाली, घरी न्या, सावकाश भरा, पुढच्या मंगळवारी आणून द्या. तळाशी तुझ्या विभागाचं नाव छापलं आहे. मी सगळ्यांना बोट ठेवून दाखवलं. भाचीबाई, तू निश्चिंत राहा. गावाची आणि तुझी मान खाली जाईल असं काही हा मामा होऊ देणार नाही. एवढी वर्षं शिकवतोय, माझा एकही विद्यार्थी नापास झालेला नाही.

माझं म्हणशील तर उत्तम. भूक लागते, झोप लागते, मामीशी भांडण होतं. गाडीचं म्हणशील तर ती गॅरेजात आहे. गिअरबॉक्सचं काम निघालं. म्हातारी झाली बिचारी, तिलाही विश्रांती लागते.

तुझा
मामा

२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

बसला असशील तर वाच, उभा असशील तर बस.

सगळीकडचे कागद आले. बाकीच्या ठिकाणी साधारण तिघांतल्या एकाची बेरीज रेषेच्या वर आहे. आमचा अंदाजही तसाच होता. आणि आपल्या गावात एकही नाही. एकही. मी पुन्हा पुन्हा बेरजा केल्या. प्रत्येक कागदावर एक-दोन ठिकाणी "कधी कधी", बाकी सगळं स्वच्छ. मॅडमनी तो तक्ता भिंतीवर लावायला सांगितला. आमच्या खोलीत जो येतो तो विचारतो, हे गाव कुठलं, आणि मी मान ताठ करून सांगते, माझं. माझा मामाच आहे तिथे.

परवा छोट्या बैठकीत मी तुमच्या गटाबद्दल बोलले. मोठ्या सभेसाठी भाषण लिहिलंय, त्यात एक अख्खं पान आपल्या गावावर आहे. त्या तळघरात असं काय होतं की माणसं घाबरत नाहीत, हे सगळ्यांना हवंय. तू रोज बघतोस, मला लिहून कळव. एकत्र व्यायाम करता म्हणून? सिस्टरचा स्वभाव म्हणून? गावच छोटं, सगळे एकमेकांना ओळखतात म्हणून?

आणि हो, समुपदेशकाची जागा आपल्या गावाला मिळणार नाही. जिथे गरज तिथे माणूस, असं ठरलंय. तुमच्याकडे गरजच नाही म्हटल्यावर कुणी देणार नाही. तुला वाईट वाटायला नको म्हणून आधीच सांगते. खरं तर यात मिरवण्यासारखंच आहे.

गिअरबॉक्स झाला का?

तुझी
भाची

३ मार्च

चि. भाचीबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला दोन दिवस जमिनीवर पाय ठेवावासा वाटेना. भिंतीवर लावलात काय तक्ता. मामीला म्हटलं, बघ, शहरातल्या भिंतीवर आपण आहोत.

तू विचारलंस म्हणून गुपित सांगतो. सिस्टरचा स्वभाव वगैरे काही नाही. तयारी. नुसती तयारी.

कागद आले त्याच दिवशी मी सगळ्यांना सायकलींवरून उतरवलं आणि खुर्च्या गोल मांडल्या. म्हटलं, मंडळी, ही माझ्या भाचीची परीक्षा आहे, आपण तिचे विद्यार्थी. नापास व्हायचं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी पोरांना सांगतो ना, चौकात परीक्षकाला दिसेल अशी मान वळवा, नुसतं डोळ्यांनी बघितलंत तर तो म्हणेल बघितलंच नाही. इथेही तसंच. उजवीकडच्या दोन रकान्यांकडे फिरकायचंसुद्धा नाही. पण सगळंच "कधीच नाही" लिहिलं तर परीक्षकाला संशय येतो. म्हणून प्रत्येकाने दोन ठिकाणी "कधी कधी" टाकायचं. ती ठिकाणंही एकसारखी नकोत, तर मी वाटून दिली. बेकरीवाल्याला झोप दिली, बाईंना भूक दिली. बाईंनी आयुष्यभर पेपर तपासलेले, त्या म्हणाल्या, मास्तर, हे कॉपी केल्यासारखं नाही का होत? मी म्हटलं, बाई, कॉपी कुठे, उत्तरं तर तुमचीच आहेत, मी फक्त नीटनेटकी करतोय.

शिंपी सगळ्यात कच्चा निघाला. पुढच्या मंगळवारी त्याने घरून भरून आणलेला कागद बघितला तर निम्म्या खुणा उजवीकडे. मी कपाळाला हात लावला. शेजारी बसवून सगळं खोडायला लावलं. पण सुईत दोरा ओवणारा माणूस, शेवटी छान स्वच्छ कागद केला. तो हल्ली मंगळवारी दिसत नाही. दुकानात काम फार असेल.

तेव्हा तुझ्या भाषणात हे लिही: गटाला चांगला मास्तर हवा. माझं नाव नाही घेतलंस तरी चालेल. घेतलंस तर जास्त चालेल.

समुपदेशकाचं काही वाटून घेऊ नकोस. आम्हाला कशाला हवा तो? गाडी अजून गॅरेजातच. भाग मिळत नाही म्हणतात.

तुझा
मामा

८ मार्च

मामा,

तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं, मग बसावं लागलं.

मला आधी हसू आलं, खरंच. बेकरीवाल्याला झोप दिली आणि बाईंना भूक दिली, यावर कुणालाही येईल. मग शिंप्यापर्यंत आले आणि हसू पळालं. मी तिथल्या तिथे सिस्टरला फोन केला. ती संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आली. काम फार नाही त्याला. दुकान बंद आहे. तो घराबाहेर पडलेला नाही, गोळ्याही नीट घेत नाही. "घेऊन तरी काय होणार" म्हणाला. मामा, त्याच्या खुणा उजवीकडे होत्या म्हणजे तो काहीतरी सांगत होता. तू त्याच्या हातात खोडरबर दिलंस.

ही परीक्षा नाही रे. वाहन परवान्याच्या परीक्षेत माणसाला पास करतात तो नीट चालवतो म्हणून. इथे उलट आहे. ज्याला जमत नाही त्याला आधी हात द्यायचा, म्हणून विचारतात. बेरीज जास्त आली म्हणजे माणूस कमी पडला, असं कुठेही लिहिलेलं नाही. तसं तुला वाटू नये म्हणून तर मी वर्षभर एकेक शब्द शोधत बसले होते.

चूक आमचीही आहे. कागद घरी न्यायला द्यायलाच नको होते, ते मी मॅडमना सांगितलं. तुझं पत्रही दाखवलं. आपल्या गावचे सगळे कागद बाद झाले. तक्ता भिंतीवरून काढला. कालच्या बैठकीत मला उभं राहून सांगावं लागलं, की ज्या पानावर मी एवढी मिरवत होते ते पान खोटं आहे आणि ते माझ्याच मामाने घडवलं.

मी चिडले आहे. पण मला विचारायचं आहे ते वेगळंच. सगळ्यांना उत्तरं वाटून दिलीस. तुझ्या स्वतःच्या कागदावर, कुणी न शिकवता, कुणी न बघता, खुणा कुठे झाल्या असत्या? आणि गिअरबॉक्सला इतका वेळ लागतो का?

तुझी
भाची

३० मार्च

चि. सौ. भाचीस,

मी मामी. मी पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा समजून घे.

तुझं पत्र आल्यापासून हा बोलत नाही. म्हणजे मीठ दे, पाणी दे, एवढं बोलतो. मंगळवारी जात नाही. मला वाटलं तू फार लागेल असं काही लिहिलंस, म्हणून तो झोपला असताना पत्र वाचलं. तू लिहिलंस ते बरोबर आहे. तो तुझ्यावर रागावलेला नाही. चार माणसांत तुला खाली बघायला लागलं, आणि ते त्याच्यापायी, हे त्याला सहन होत नाही. काल म्हणाला, "माझ्या पोरीचं पान मी फाडलं." एवढंच म्हणाला आणि उठून गेला.

गाडी गॅरेजात कधीच नव्हती. दारात कापड टाकून उभी आहे. परवानगी मिळाली त्या दिवशी तो किल्ली घेऊन गेला, आत बसला, आणि बराच वेळ बसून परत आला. तेव्हापासून तिच्याकडे बघत नाही. कुणी शिकायला आलं की सांगतो, गाडी गॅरेजात आहे. मी विचारलं तर चिडतो. मी विचारायचं सोडलं.

मी सांगितलं असं सांगू नकोस. नाहीतर सांग. मला आता कंटाळा आलाय लपवालपवीचा.

तुझी
मामी

५ एप्रिल

प्रिय मामा,

मामीने मला सगळं लिहिलं. तिच्यावर चिडायचं नाही, ती फार दिवस गप्प होती.

तू समजतोस तसं माझं काही झालेलं नाही. बैठकीत उभं राहून सांगणं सोपं नव्हतं हे खरं. पण बोलून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "खोटा आकडा हातात असून जो स्वतःहून खाली ठेवतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन." त्यांनी हे सगळ्यांसमोर म्हटलं. मी खाली बघितलं नाही मामा. इतकी ताठ मान मी त्या तक्त्यासमोरही केली नव्हती. आणि मला हे सांगायची हिंमत झाली कारण तू मला सगळं मोकळेपणाने लिहिलं होतंस. तू जे केलंस ते मूर्खपणाचं होतं, पण ते माझ्यावरच्या मायेपोटी होतं, हे मला पहिल्या ओळीपासून कळत होतं.

आपल्या गावात पुन्हा कागद देणार आहोत. या वेळी प्रत्येकाला वेगळ्या खोलीत, दार लावून, आणि बाहेरून आलेल्या सिस्टरसमोर. घरी न्यायचा नाही. तू भरलाच पाहिजेस असं नाही. भरलास तर कुणासाठीही भरू नकोस, माझ्यासाठी तर मुळीच नको.

माझ्या वॉर्डात आडदांड माणसं येतात. पहिलवान, पोलीस, बोटी चालवणारे. तीही रडतात. त्यांचा मला कधी कमीपणा वाटला नाही. मग तुझा का वाटेल? तू घाबरलास, त्यात तुझं काय चुकलं? छातीत कळ येऊन माणूस कोसळला तर त्याने घाबरायचं नाही तर काय करायचं?

गाडीत बसून राहिलास तेव्हा काय झालं, ते मला सांगशील?

तुझी
भाची

२ मे

चि. भाचीबाईस आशीर्वाद.

उशीर झाला. सांगण्यासारखं काही हातात येईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी मी शिंप्याकडे गेलो. दार त्यानेच उघडलं. दाढी वाढलेली, अंगात स्वतःच शिवलेला चांगला सदरा, पण बटणं वरखाली लावलेली. मी म्हटलं, "मी तुला चुकीचं शिकवलं." तो म्हणाला, "मास्तर, मला वाटलं माझं एकट्याचंच असं होतं, बाकीचे सगळे पास आहेत." भाचीबाई, मला तिथे उभं राहवेना. मी त्याच्या ओट्यावर बसलो आणि सांगितलं, की मीही घाबरतो. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य तोंडून निघालं, आणि तेही एका शिंप्यासमोर, ज्याला मी कधी नीट क्लच दाबायला शिकवू शकलो नाही, परीक्षेलाही पाठवलं नाही. तो उठला आणि चहा टाकला.

मग बाकीच्यांकडे गेलो. बेकरीवाला म्हणाला, झोप खरंच येत नाही मास्तर, तुम्ही बरोबर ओळखलं होतंत. बाई म्हणाल्या, मला तेव्हाच कळलं होतं, पण तुमचा उत्साह बघून बोलले नाही.

मंगळवारी एकेकाला आत बोलावलं. बाहेरची सिस्टर तरुण, हसत नव्हती पण घाईही करत नव्हती. मी सगळे प्रश्न वाचले. तुझेच ना ते सगळे? "पूर्वी आवडीने करायचो ते काम आता टाळावंसं वाटतं का?" याच्यापाशी पेन थांबलं. गाडीत बसलो तेव्हाचं आठवलं. स्टिअरिंगला हात लावला आणि वाटलं, शेजारी कुणाचं तरी पोर बसलेलं असेल, समोर शाळा सुटलेली असेल, आणि तेव्हाच पुन्हा कळ आली तर? स्वतःच्या मरणाचं मला एवढं नव्हतं. पण शिकवताना माझ्या हातून कुणी जाईल, हा विचार सुटेना. किल्लीसुद्धा फिरवली नाही. मी "जवळजवळ रोज" वर खूण केली. पुढे मग सगळं सरळ होत गेलं. बेरीज रेषेच्या बरीच वर आली. सिस्टरने सांगितलं तेव्हा चेहरा पडायला हवा होता. तसं झालं नाही. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि भूक लागली.

घरी आलो तर मामी दारात. "काय लिहिलंस?" म्हणाली. मी सगळं सांगितलं, एकेक प्रश्न. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला कुणी हा कागद दिला असता तर माझीही बेरीज वरच आली असती. तू पडलास तेव्हा गाडी दारात होती आणि मी रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होते. गावाला शिकवलंस, मला नाही शिकवलंस. रोज तू आंघोळीला गेलास की मी पाण्याचा आवाज ऐकत उभी राहते. आत शांत झालं की दाराच्या कडीवर हात ठेवते."

इतकी वर्षं संसार केला आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडीवरचं कापड काढलं. तिला उजवीकडे बसवलं, मी डावीकडे बसलो. तिने पहिल्या दिवशी शेजाऱ्यांची कुंडी फोडली. आता माझी भीती जाऊन शेजाऱ्यांची सुरू झाली आहे.

तुझा
मामा

२८ मे

प्रिय मामा,

तुझं पत्र मी मॅडमना वाचून दाखवलं, मामीच्या कुंडीसकट. तुला विचारलं नाही, माफ कर. "पाण्याचा आवाज ऐकत उभी राहते" इथे त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. आता आम्ही घरच्या माणसांसाठी वेगळी प्रश्नावली करायला घेतली आहे. पहिला प्रश्न मामीचा आहे. तिला सांग, मला तिचा अभिमान वाटतो, आणि हे भाषणात म्हणायचं म्हणून म्हणत नाहीये.

मोठी सभा झाली. आपल्या गावाचे नवे आकडे मांडले. ते इतर ठिकाणांसारखेच आहेत, तिघांतला एक. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, भिंतीवर काही लागलं नाही. पण समुपदेशकाची जागा मंजूर झाली. पुढच्या महिन्यापासून तळघराशेजारच्या खोलीत एक बाई बसतील. शिंप्याला पहिली वेळ दिली आहे. दुसरी तुझी. चुकवायची नाही.

सभेनंतर कुणीतरी विचारलं, गावातल्या लोकांनी इतकं खरं कसं काय लिहिलं? मी म्हटलं, त्यांच्या मास्तरने आधी स्वतःचं लिहिलं.

तुझी
भाची

११ ऑगस्ट

चि. भाचीबाईस आशीर्वाद.

आधी हे वाच: मी बरा आहे, घरी आहे, हे पत्र मी स्वतः लिहितोय, आणि जे झालं ते पोटातल्या वाताने झालं. आता बाकीचं सांगतो.

मामी पहिल्यांदा परीक्षेला गेली ती नापास झाली. माझी पहिली नापास विद्यार्थिनी. चढावर गाडी मागे गेली. परीक्षेच्या आधी मी तिला एकही युक्ती सांगितली नव्हती. एवढंच म्हटलं, तुला येतं तसं चालव. तिला नाही आलं, नापास झाली. घरी येऊन चिडली, मग रोज त्याच चढावर जाऊन घासत बसली. मागच्या महिन्यात पास झाली. शिंप्याने तिला परवाना ठेवायला कापडी पाकीट शिवून दिलं. दुकान उघडलंय त्याने.

गुरुवारी दुपारी जेवून उठलो आणि छातीत दाबल्यासारखं झालं. पूर्वीचा मी असतो तर खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिलो असतो. या वेळी मी खुर्चीत बसलो आणि हाक मारली. म्हटलं, "दुखतंय. आणि मला भीती वाटतेय." तिने गॅस बंद केला, किल्ली घेतली. रस्त्यावर कुणाला हात करावा लागला नाही. वाटेत बाजारातल्या वळणावर म्हणाली, "पट्टा लाव."

हॉस्पिटलच्या दारात तिने मला उतरवलं, सिस्टरच्या हाती दिलं आणि गाडी लावायला गेली. मला लगेच आत झोपवलं. छातीला तारा लावल्या. सिस्टर सुई घेऊन आली, म्हणाली, "मास्तर, हात पुढे करा."

पलंगाशेजारी खिडकी होती आणि खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसत होती. दोन मोठ्या गाड्यांच्या मधे एक चिंचोळी फट होती. तुझी मामी तिथे आली, थांबली, मान वळवून मागे बघितलं आणि गाडी उलटी घ्यायला लागली. ती फट बघून मीसुद्धा पुढे जाऊन दुसरी जागा शोधली असती.

मी सिस्टरला म्हटलं, "जरा थांबा. मला हे बघू द्या."

तुझा
मामा